नूडल्सवर डाळ

माझ्या नवऱ्याला चवीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून त्याने मला त्या मोठ्या शहरात नेलं. एरवी तो मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही एकटीला सोडत नसे. पण त्याला माझा धाकटा भाऊ हवा होता आणि माझा भाऊ पडला आचारी. एवढ्या शहरात आचारी शोधायचा तर त्याच्या हातची चव शोधायची, एवढी अक्कल नवऱ्याला होती. त्याची स्वतःची जीभ तंबाखूने कधीच मेलेली. समोर काहीही ठेवा, तो त्यावर तिखट भुरभुरणार, मीठ ओतणार आणि गिळणार. तेव्हा जीभ माझी आणि पटाशी त्याची, अशी कामाची वाटणी झाली.

नवरा सुतार. पटाशी म्हणजे लाकडाला खाच पाडायचं त्याचं हत्यार, रुंद पात्याची, मूठ घामाने काळी पडलेली. निघण्याआधी दारात बसून त्याने तिला दगडावर धार लावली. धार बघायला माझा हात ओढला आणि मनगटापासून कोपरापर्यंत केसांचा एक पट्टा साफ काढला. "झकास चालते," म्हणाला. मग ती टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत ठेवली, माझ्या फणीशेजारी.

मी मुकाट्याने का निघाले ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी मेंढरू आहे. मी गेले नसते तर त्याने दुसऱ्या कुणाला नेलं असतं. माझ्या बाबांच्या हॉटेलात वर्षानुवर्षं जेवलेली माणसं गल्लीत पुष्कळ होती आणि ती खरं बोलली असती. मला खोटं बोलायचं होतं. भावाच्या हातचा घास तोंडात आला की नाक मुरडायचं, "हा नव्हे" म्हणायचं आणि नवऱ्याला पुढच्या दुकानात न्यायचं. तेवढ्यासाठी मी आले होते.

नवराही काही दूधखुळा नव्हता. बसमध्ये बसल्या बसल्या म्हणाला, "तू काय सांगशील ते सांग. तुझ्या बोलण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण तुझं थोबाड मला वाचता येतं."

माझं थोबाड त्याने इतक्या वेळा फोडलं होतं, की वाचता येणं साहजिकच होतं.

बाबांचं हॉटेल लहानसं होतं. डाळ, भाजी, रोटी एका शेगडीवर आणि नूडल्स, फ्राइड राइस, सूप पलीकडच्या भट्टीवर. चायनीजच्या भट्टीला खाली गुडघ्याच्या उंचीवर एक लोखंडी पट्टी असते. दोन्ही हात कढईत गुंतलेले असतात, म्हणून जाळ गुडघ्याने कमी-जास्त करायचा. पट्टी दाबली की जाळ भसकन कढईच्या काठावर चढतो. लग्नाआधी मी आणि धाकटा आलटून पालटून त्या भट्टीवर उभे राहायचो. दोघांच्याही उजव्या गुडघ्याला घट्टा पडला होता. माझा अजून आहे.

एकदा ऐन गर्दीत डाळीच्या फोडणीचं पातेलं तळातून फुटलं. बाबांनी वैतागून नूडल्सच्या कढईतच फोडणी केली. कढई घासलेली नव्हती. तिच्या तळाला व्हिनेगर आणि सॉस करपून बसला होता, तो सगळा डाळीत उतरला. शहाण्या आचाऱ्याने ती डाळ फेकून दिली असती. बाबांनी ती वाढली आणि लोकांनी वाट्यावर वाट्या मागून घेतल्या. तेव्हापासून आमच्याकडे डाळीची फोडणी त्याच कढईत, न घासता. आधी धूर, मग लसूण आणि घास गिळल्यावर मागून येणारं पुसट आंबटपण. चूकच ती, पण आमच्या घराण्याची चूक. बाबा गेल्यावर ती करणारी दोनच माणसं जगात उरली होती आणि त्यातली एक मी.

गर्दी ओसरली की आम्ही भावंडं मागच्या पायरीवर जेवायला बसायचो. कढईत उरलेल्या नूडल्स आणि त्यांच्यावर ओतलेली डाळ. असलं काही आमच्याशिवाय कुणी खात असेल असं मला वाटत नाही. नवरा पहिल्यांदा सासुरवाडीला आला तेव्हा ते बघून म्हणाला होता, "कुत्र्यालासुद्धा असं घालत नाहीत." बाबा हसले होते. मीही हसले होते. नवी नवरी होते, तेव्हा काहीही ऐकून हसायचे.

लग्नाचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. तो मारायचा. हाताने, पट्ट्याने, एकदा तर लाकूड तासायच्या रंध्याने. एका दुपारी फाटलेला ओठ घेऊन मी माहेरी आले, एप्रन बांधला आणि कांदे चिरायला उभी राहिले. रडण्यापेक्षा ते बरं, डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी विचारत नाही. थोड्या वेळाने तो आलाच. स्वयंपाकघरात शिरून त्याने माझी वेणी उजव्या हाताला गुंडाळली आणि मला दाराकडे फरफटत नेलं. बाबा मध्ये पडले, त्यांना लाथेने आडवं केलं. धाकटा भट्टीवर तेल तापवत होता. तो म्हणाला, "दाजी, सोडा तिला." पुन्हा तेच म्हणाला, आवाज न चढवता. मग त्याने कढई उचलली आणि वेणी धरलेल्या हातावर उपडी केली.

त्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. तळणाचा आवाज सगळ्यांना माहीत असतो.

माझी मान भाजली आणि अर्धी वेणी जळून गळाली. नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. धाकटा मागच्या दाराने पळाला, अंगावरच्या एप्रनसकट. बाबा त्यानंतर फार जगले नाहीत. हॉटेलला टाळं लागलं आणि माहेरच उरलं नाही तेव्हा मी नवऱ्याच्या घरी परत गेले. आता मार डाव्या हाताने बसायचा. सरावाने तोही चांगला जमतो. पोलीस चौकशीला आले तेव्हा नवरा त्यांना म्हणाला, "अपघात झाला साहेब, कुणाचा दोष नाही." त्याला धाकटा तुरुंगात नको होता, हाताशी हवा होता.

मग आमच्या गल्लीतला टेम्पोवाला मोठ्या शहरात खेप टाकून आला आणि नको ते बोलून गेला. भाजीबाजारात त्याला धाकटा दिसला होता, खांद्यावर आल्याची गोणी आणि काखेत पातीच्या कांद्याच्या जुड्या. हाक मारली तर गर्दीत शिरला. "इंडियन-चायनीज दोन्ही करणाऱ्या कुणाकडे तरी असणार," टेम्पोवाला म्हणाला. "बाजारापासून फार लांब नसेल. गोणी खांद्यावर घेऊन माणूस किती चालेल?" नवऱ्याने त्याला चहा पाजला.

शहरात आम्ही भाजीबाजारामागच्या एका लॉजवर उतरलो. खोलीला खिडकी होती आणि खिडकीबाहेर भिंत. नवऱ्याने तोंड धुतलं, धुतलेला शर्ट घातला आणि खाली जाऊन लॉजच्या मॅनेजरला इतक्या गोड आवाजात विचारलं, की मी चाट पडले.

"आम्ही चार दिवस फिरायला आलोय. बायकोला खाण्याची भारी हौस. इकडे चांगलं इंडियन आणि चायनीज कुठे मिळेल? दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं तर उत्तम."

असा प्रश्न विचारला की माणसं खुलतात. मॅनेजर काउंटरबाहेर आला, रस्त्यावर उभा राहून बोटाने दिशा दाखवू लागला. तिथे जाऊ नका, सगळं कालचं असतं. त्याच्यापुढे जा, तिथलं सूप घ्या. "वहिनी खूश होतील," म्हणाला. वहिनीच्या मानेवरचा डाग त्याला दिसला नाही, मी पदर घेतला होता.

नवरा सगळीकडे तेच मागवायचा: एक डाळ, एक भात, एक नूडल्स. मग डावं कोपर टेबलावर टेकवून माझ्याकडे बघत बसायचा. पिशवी मांडीवर. मी चावायचे. चेहरा कसा ठेवायचा ते मी ठरवलं होतं. शेजारीण तिच्या गुडघेदुखीबद्दल सांगत असते तेव्हा असतो तसा.

पहिल्या ठिकाणी काचेचं दार होतं आणि डाळीत साखर. मला मनातून बरं वाटलं. दुसऱ्या ठिकाणी नूडल्स बऱ्या होत्या, पण डाळ कुणीतरी रागावून केलेली. मी मान हलवली. नवऱ्याला ते पटलं नाही. तो उठून थेट स्वयंपाकघराकडे गेला. दारात वेटरने त्याला अडवलं, "काका, आत जायची परवानगी नाही," एवढंच म्हणाला. नवऱ्याने शेजारच्या टेबलावरचा स्टीलचा जग उचलून त्याच्या तोंडावर मारला. वेटर खाली बसला आणि ओंजळीत रक्त आणि दाताचा तुकडा थुंकला. आतून आचारी धावत आला, पांढऱ्या केसांचा, कुणी भलताच म्हातारा. नवऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं, जग जागेवर ठेवला आणि मला म्हणाला, "चल." आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा तो शर्टाला काही लागलं का ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा तेच. मला भूक उरली नव्हती आणि पोटही भरत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी दोन घास खायचे आणि उठायचं. एका ठिकाणी मी पाणी जास्त प्यायले म्हणून त्याने टेबलाखाली माझ्या पायावर टाच रोवली. "चव धुवू नकोस," म्हणाला. संशयी माणसाला काय काय सुचतं, याचं मला कौतुकच वाटतं.

जेवणाची वेळ टळत आली तेव्हा आम्ही त्या दुकानात शिरलो. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला सायकल दुरुस्ती आणि मध्ये चिंचोळं, जेमतेम चार टेबलांचं दुकान. काउंटरवर जाडजूड मालकीण वर्तमानपत्राने वारा घेत होती. स्वयंपाकघर मागे, त्याला एक छोटी खिडकी, तिथून ताटं बाहेर सरकायची. आतला माणूस दिसत नव्हता. फक्त कढईवर पळी आपटल्याचा आवाज येत होता. ठण, ठण आणि जरा थांबून पुन्हा ठण. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

डाळ आली. मी घास घेतला. आधी धूर, मग लसूण. मी गिळलं आणि मागून ते आंबटपण आलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगते. आनंद झाला. भीती नंतर. आधी असं झालं, की बाबा मेले नाहीत, हॉटेल बंद झालं नाही, धाकटा आहे, धडधाकट आहे, पळी आपटतोय. डोळे भरून येणार होते, पण मी शेजारणीचे गुडघे आठवले. घास चावत राहिले. आणखी एक घेतला. नूडल्स चिवडल्या.

"बोल," नवरा म्हणाला.

"पाणचट आहे. तेलही जुनं वाटतंय."

तो बघत राहिला. मी पण त्याच्याकडे बघितलं, जरा कंटाळून. शेवटी त्याने मान वळवली. त्याच्या शर्टाची काखेतली बाजू घामाने भिजली होती, दोन दिवस चालून पाय सुजले होते. "लाँड्रीवाल्याला विचारू, अजून कुठे आहे का," म्हणाला. पिशवी काखेला मारली आणि हात धुवायला बेसिनकडे गेला.

धाकटा वाचला. माझ्या अंगातलं सगळं बळ सुटलं. खांदे खाली आले, जबडा सैल झाला आणि कालपासूनची भूक एकदम उसळली. पुढचं मी केलं नाही, माझ्या हाताने केलं. डाळीची वाटी उचलली, नूडल्सवर ओतली, बोटांनी कालवली आणि मोठा घास तोंडात घातला. मग दुसरा. बोटं चाटली. लहानपणापासून ती डाळ आणि त्या नूडल्स समोर आल्या की हात हेच करायचा, त्याला कुणी थांबवायचं शिकवलंच नव्हतं.

मान वर केली तेव्हा नवरा टेबलाशी उभा होता. हातातून पाणी ठिबकत होतं. तो माझ्या ताटाकडे बघत होता.

"कुत्र्यालासुद्धा असं घालत नाहीत," तो हळूच म्हणाला.

मी ओरडले, "धाकट्या, पळ, दाजी आलेत." त्याने माझा मानेमागचा भाग धरून तोंड टेबलावर आदळलं. नाकातून कट्कन आवाज आला. पुन्हा आदळलं. ताट सरकलं, पण पडलं नाही. मालकीण किंचाळत रस्त्यावर पळाली. आतली पळी थांबली.

त्याने पिशवीतली पटाशी काढून टॉवेल सोडला. एकाच हाताने सगळं करायचं असल्यामुळे त्याला माझे केस धरता येईनात आणि पटाशीही. मग त्याने मला पुढे घातलं, मागून डावा हात गळ्याभोवती आणला आणि पात्याची कड जबड्याखाली लावली. "चाल." मी चालले. रक्त तोंडात येत होतं, तरी मागचं आंबटपण जिभेवर होतंच.

वाटलं होतं, मागचं दार उघडं असेल आणि धाकटा पसार झालेला असेल. मागचं दार उघडं होतं. धाकटा भट्टीशी उभा होता. पळ म्हटलं की हा माणूस थांबतो. त्याची दाढी वाढली होती, कानशिलावर दोन-चार पांढरे केस आले होते, अंगाने वाळला होता. कढईत तेल तापत होतं, वरून धूर निघायला लागला होता.

"ताई," तो म्हणाला, आणि माझं नाक बघून त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याने कढईच्या कानाला फडकं लावलं.

"उचल की," मला भट्टीला भिडवत नवरा म्हणाला. "या खेपेला आधी हिच्यावर पडेल."

धाकट्याने फडकं खाली ठेवलं.

"काय पाहिजे दाजी तुम्हाला?"

नवऱ्याने आपला उजवा हात माझ्या खांद्यावरून पुढे केला. बोटं चिकटून त्याचा पंजाच राहिला नव्हता, गुलाबी मांसाचा एक चमचा झाला होता. "हे पाहिजे," म्हणाला. "रंधा धरता येत नाही मला. शर्टाची बटणं ही लावते. ठेकेदार मला बघून दुसरीकडे वळतात. तुझा उजवा हात त्या तेलात घाल. मनगटापर्यंत. मी सांगेपर्यंत काढायचा नाही. नाही घातलास तर हिचा गळा."

खोटं कशाला बोलू, त्याचं दुःख खरं होतं. तो चांगला सुतार होता. त्याने केलेली कपाटं अजून लोकांच्या घरात आहेत आणि त्यांची दारं कधी कुरकुरत नाहीत. पण ज्या हाताबद्दल तो रडत होता, त्या हाताने तेव्हा काय धरलं होतं, ते त्याला आठवत नव्हतं.

"ताईला सोडा, मग घालतो."

"आधी घाल."

पातं आत रुतलं. मानेवरून काहीतरी कोमट खाली गेलं. धाकट्याने बाही वर सरकवली. मी नको म्हणायला तोंड उघडलं तर पातं आणखी आत गेलं. त्याने दात आवळले आणि बोटं तेलात बुडवली.

तळणाचा आवाज झाला. धाकट्याच्या घशातून जे निघालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तरी त्याने हात काढला नाही, आणखी खाली न्यायला लागला. डोळे माझ्यावर. मी डोळे खाली नेले, माझ्या गुडघ्याकडे. त्याने पाहिलं. आम्ही भावंडांनी त्या पट्टीवर वर्षं काढली होती, सांगायला काय हवं होतं. मी पाय अर्धं पाऊल पुढे सरकवला. पट्टी जिथे असायची तिथेच होती. धाकट्याने हात बाहेर ओढला आणि मी सगळ्या ताकदीने गुडघा दाबला.

जाळ उठला, कढईच्या काठावरून आत शिरला आणि तेल पेटलं. छतापर्यंत आग. त्या तेलाच्या दिवसापासून नवरा काडेपेटीसुद्धा हातात धरत नसे. त्याचा उजवा हात आपोआप तोंडावर गेला आणि तो मागे सरकला. पात्याने माझ्या मानेवर रेघ ओढली आणि सुटलं. मी त्याचं मनगट पकडलं, अंगठ्याच्या खालचं मांस दातांत धरलं आणि हाडाला लागेपर्यंत चावले. पटाशी खाली पडली. त्याने मोकळ्या हाताचा तो गुलाबी ठोसा माझ्या कानावर मारला, माझ्या डोक्यात शिट्टी वाजली, पण मी सोडलं नाही. धाकट्याने डाव्या हाताने लोखंडी पळी उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणली. मग दुसऱ्या गुडघ्यावर. नवरा कोसळला तो कोंबडी तोडायच्या लाकडी ठोकळ्यावर. पडताना माझ्या दातांतून सुटलेला डावा पंजा त्याने तोल सावरायला त्या ठोकळ्यावर टेकवला.

धाकटा कढईवर झाकण घालायला वळला. मी पटाशी उचलली.

"पटाशी सरळ उभी धरायची आणि ठोका एकदाच द्यायचा, घाबरत घाबरत दिला तर लाकूड फाटतं," हे नवरा त्याच्या कामगारांना सांगायचा. मी ते चहा देता देता ऐकलेलं. मी पटाशी त्याच्या पंजाच्या मधोमध सरळ उभी धरली आणि ठोकळ्यावरच्या जड सुऱ्याच्या पाठीने ठोका दिला. पातं हातातून आरपार जाऊन ठोकळ्यात बसलं. लाकूड फाटलं नाही.

तो किंचाळत होता. मी सुरा उलटा केला, धार खाली. त्याची मान माझ्यासमोर होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि या खेपेला त्याने माझं थोबाड अगदी बरोबर वाचलं असावं, कारण तो किंचाळायचा थांबला. "अगं," एवढंच म्हणाला. धाकट्याने मागून माझा हात धरला. "ताई, बास," म्हणाला. "झालं." बराच वेळ माझा हात खाली येईना. मग आला.

बाहेर गर्दी जमली होती, मालकीण कुणाकुणाला फोन लावत होती. आम्ही मागच्या पायरीवर बसलो. धाकट्याने हात गार पाण्याच्या बादलीत घातला होता. बोटांची कातडी पांढरी पडून सुटायला लागली होती, पण बोटं वेगवेगळी होती. मी पुन्हा पुन्हा बघून खात्री करून घेत होते. आत नवरा शिव्या देत होता, मधून मधून रडत होता. माझं नाक एवढं सुजलं होतं की मला तोंडाने श्वास घ्यावा लागत होता.

"ताई, तू काही खाल्लं नसशील," धाकटा म्हणाला. आमच्या घरात कुणाचा जीव जात असला तरी हाच प्रश्न.

मी उठून माझं ताट घेऊन आले. टेबलावर तसंच होतं, काठाला माझ्याच रक्ताचे थेंब होते ते पुसले. त्याचा हात बादलीत, म्हणून मीच घास करून त्याला भरवला, मग मी खाल्ला.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

"व्हिनेगर जरा जास्त आहे."

"इथली कढई मोठी आहे, अंदाज येत नाही."

"बाबांसारखी नाही. पण चांगली आहे." एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. त्या माणसासमोर तिला पाणचट म्हटलं होतं, त्याचं फार वाईट वाटत होतं.

तो माझ्या खांद्याला टेकला. "ऐक," हळू आवाजात म्हणाला. "पोलीस येतील. मी केलं म्हणून सांगतो. आधीचंही मीच केलंय, त्यात हे एक. तू मध्ये नव्हतीसच. घरी जा, बाबांचं हॉटेल उघड. किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

"गप्प बस आणि खा."

"ताई, मला सवय आहे पळायची, लपायची. तुला जमणार नाही."

गोणी खांद्यावर घेऊन बाजारातून पळणारा धाकटा माझ्या डोळ्यांसमोर आला. कुणी नावाने हाक मारली की गर्दीत शिरणारा. माझी वेणी सोडवली म्हणून हा माणूस एवढी वर्षं नावाशिवाय जगला होता. बाबांना खांदा द्यायलाही त्याला येता आलं नाही. मला अशी चीड आली, त्याची, माझी, सगळ्यांचीच.

पोलीस मागच्या गल्लीतून आले, एक पोक्त अधिकारी आणि त्याच्यामागे एक शिपाई. शिपाई आत डोकावला आणि तोंडावर हात धरून बाहेर आला. अधिकाऱ्याने आमच्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, बादलीकडे बघितलं.

"आत हे कोणी केलं?"

धाकट्याने मान वर केली आणि तोंड उघडलं. मी ताटात होत्या नव्हत्या तेवढ्या नूडल्स मुठीत घेतल्या आणि त्याच्या तोंडात कोंबल्या.

"मी," मी म्हटलं.

धाकटा डोळे वटारून मान हलवत होता, पण नूडल्स लांबलचक होत्या आणि त्याला चावायला वेळ लागत होता.